जुने नंबर, नवा सर्व्हर: रेप्लिकेशनच्या प्रतीवरून डेटाबेस उभा करताना

पार्श्वभूमी

पुण्यातली एक पॅथॉलॉजी लॅब. मुख्य लॅब कर्वे रस्त्यालगत, आणि कोथरूड, औंध, हडपसर, बिबवेवाडीपासून पिंपरीपर्यंत नमुने घेणारी नऊ केंद्रं. लॅबचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. मी तिथला कर्मचारी नाही. डेटाबेसचं मोठं काम निघालं की मला बोलावतात.

रोज साधारण साडेसातशे नळ्या येतात. त्यातल्या बहुतेक सकाळी सात ते साडेदहा या वेळात, कारण लोक उपाशीपोटी येतात. केंद्रावर नाव नोंदवलं की सॉफ्टवेअर प्रत्येक नळीला सात आकडी नंबर देतं, त्याचा बारकोड छापून नळीला चिकटवतात, आणि तिथून पुढे सगळं त्या नंबरावर चालतं. मुख्य लॅबमधलं यंत्र बारकोड वाचतं, या नळीवर कोणत्या चाचण्या करायच्या ते सॉफ्टवेअरला विचारतं, आणि निकाल त्याच नंबराखाली परत पाठवतं. यंत्राला पेशंटचं नाव माहीत नसतं. त्याच्या लेखी नंबर हाच पेशंट.

डेटाबेस मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २०१६ वर, ऐंशी जीबीच्या आसपास. महिनाअखेरचे हिशेब काढायला बसलं की केंद्रांवरचे स्क्रीन अडकायचे, म्हणून आधीच्या नोव्हेंबरमध्ये ट्रान्झॅक्शनल रेप्लिकेशन (एका डेटाबेसातले बदल सतत दुसऱ्या प्रतीवर उतरवण्याची सोय) बसवलं होतं. मुख्य सर्व्हर पब्लिशर, म्हणजे बदल पाठवणारा, आणि पिंपरीच्या केंद्रातलं एक साधं मशीन सबस्क्रायबर, म्हणजे बदल घेणारं. पब्लिशरच्या लॉगमधून (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी फाइल) बदल वाचून ते डिस्ट्रिब्युशन डेटाबेसात ठेवायचे आणि तिथून सबस्क्रायबरवर लावायचे, ही त्याची नेहमीची चाल. सगळे हिशेब पिंपरीच्या प्रतीवरून निघायचे. ही प्रत पहिल्यांदा उभी करताना पब्लिशरचा पूर्ण बॅकअप तिथे रिस्टोअर करून त्यावरून सुरुवात केली होती. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे डिस्ट्रिब्युशन डेटाबेस सांभाळणारा भाग, मात्र वेगळ्या मशीनवर न ठेवता मुख्य सर्व्हरवरच ठेवला होता.

बॅकअपची व्यवस्था अशी: रविवारी रात्री पूर्ण बॅकअप, तो एका यूएसबी डिस्कवर उतरवून डॉक्टर घरी नेत. रोजचा डिफरन्शियल (पूर्ण बॅकअपनंतर बदललेलं तेवढंच) आणि दर पंधरा मिनिटांचा लॉग बॅकअप मुख्य सर्व्हरच्याच दुसऱ्या ड्राइव्हवर. ड्राइव्ह दुसरा, पण रेड कंट्रोलर (सगळ्या डिस्क एकत्र चालवणारा भाग) तोच.

अडचण

जुलैतला गुरुवार. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते याची सगळ्यांना सवय आहे, लॅबचीही तयारी असते. त्या दिवशी जनरेटर सुरू होईपर्यंत यूपीएसने तग धरला नाही. दुपारी तीनच्या सुमाराला मुख्य सर्व्हर बंद पडला, आणि परत चालू केल्यावर कंट्रोलरला एकही डिस्क दिसेना. हार्डवेअरवाल्याने येऊन पाहिलं आणि कंट्रोलर बदलावा लागेल, भाग मुंबईहून यायला निदान दोन दिवस लागतील असं सांगितलं. सोमवारपर्यंत सर्व्हर येईल यावर कोणी विसंबून राहू शकत नव्हतं.

संध्याकाळचं काम कागदावर झालं. केंद्राचं अक्षर आणि हाताने लिहिलेला अनुक्रमांक, नळीवर मार्करने. एवढ्यावर एक संध्याकाळ निघते. शुक्रवारी सकाळी सात वाजता नऊ केंद्रांवर रांगा लागणार होत्या, आणि तिथे कागदावर भागणार नव्हतं.

मला फोन आला साडेसातला. मी पोहोचलो तेव्हा डॉक्टर, संगणकाचं काम बघणारे दादा आणि सॉफ्टवेअर कंपनीचा एक तरुण, असे तिघं सर्व्हर रूमबाहेरच्या बाकावर बसले होते.

समोर असलेले पर्याय

कंट्रोलरची वाट पाहायची, हा पहिला पर्याय डॉक्टरांनी तिथल्या तिथे बाजूला केला.

दुसरा म्हणजे घरची यूएसबी डिस्क आणून रविवारचा बॅकअप रिस्टोअर करायचा. डेटाबेसची रचना जशीच्या तशी मिळाली असती, पण सोमवार ते गुरुवार दुपार हा सगळा काळ गेला असता. अडीच हजारांहून जास्त नळ्या, त्यांचे निकाल, आणि ज्यांचे अहवाल अजून द्यायचे होते ते लोक.

तिसरा म्हणजे पिंपरीच्या मशीनवरच सॉफ्टवेअर वळवायचं. ते मशीन कमकुवत होतं, आणि आपल्या हातात असलेली एकमेव ताजी प्रत थेट वापरात लावायला मला धजावेना. तिथे काही चुकलं असतं तर मागे जायला जागाच नव्हती. हा नकार आजही बरोबर वाटतो.

चौथा पर्याय असा की पिंपरीच्या प्रतीचा आत्ताच पूर्ण बॅकअप घ्यायचा आणि तो मुख्य लॅबमधल्या दुसऱ्या सर्व्हरवर रिस्टोअर करायचा. असा सर्व्हर होता. दुसऱ्या कामासाठी नुकताच आणलेला, त्यावर एसक्यूएल सर्व्हर २०१९. जुन्या आवृत्तीचा बॅकअप नव्या आवृत्तीवर बसतो, उलटं होत नाही, त्यामुळे त्या बाजूने अडचण नव्हती. पिंपरीची प्रत मुख्य सर्व्हरच्या फार तर मिनिटभर मागे असायची.

पाचवा पर्याय मीच बोलून दाखवला आणि मीच सोडून दिला. रविवारचा बॅकअप पाया म्हणून घ्यायचा, आणि फक्त मधल्या चार दिवसांचा डेटा पिंपरीच्या प्रतीतून त्यात आणून ओतायचा. रचना पब्लिशरची, डेटा सबस्क्रायबरचा. पण त्यासाठी प्रत्येक टेबलाची स्क्रिप्ट लिहायला, ती तपासायला रात्र पुरेल का याची खात्री नव्हती.

साडेअकराला चौथा पर्याय ठरला. तिथे मी विचारलेला प्रश्न होता, ‘ही प्रत किती ताजी आहे?’ तो बरोबरच होता, पण अपुरा होता. ‘या प्रतीत काय नाही?’ हे मी विचारलं नाही, आणि बाकीचे तिघं माझ्याकडे बघत होते.

रात्रीचं काम

हा भाग थोडक्यात सांगतो, कारण इथे फारसं चुकलं नाही.

पिंपरीला डिस्ट्रिब्युशनचं काम थांबल्याची खात्री करून बॅकअप घेतला, चेकसमसह. दादांनी तो स्वतः डिस्कवर घालून भर पावसात गाडीवरून आणला. त्या वेळी तेवढी मोठी फाइल नेटवरून पाठवण्यापेक्षा ते लवकर झालं. लॅबच्या फाइलींमध्ये एक जुनी रिस्टोअर स्क्रिप्ट होती. तिच्यात कीप रेप्लिकेशन हा पर्याय लिहिलेला होता. कधीतरी स्टँडबाय, म्हणजे राखीव, सर्व्हरचा विचार झाला होता, तेव्हाचा. तो मी काढून टाकला. स्टँडबाय सर्व्हरवर रेप्लिकेशनच्या नोंदी टिकवायच्या असतात तेव्हाच त्याचा उपयोग. पब्लिशरचा बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर या पर्यायासह रिस्टोअर केला आणि तिथे लॉग वाचणारा एजंटच नसला, तर त्या लॉगमधले न वाचलेले बदल कोणी वाचेल याची डेटाबेस वाट बघत बसतो. लॉग रिकामा होत नाही, फुगत जातो, आणि एके दिवशी डिस्क भरून ९००२ हा एरर येतो. आपल्याकडचा बॅकअप सबस्क्रायबरचा होता, तरी दुसऱ्याची स्क्रिप्ट ओळ न ओळ समजल्याशिवाय चालवायची नाही हा माझा नियम आहे.

फाइलींच्या जागा बदलून रिस्टोअर केला. डेटाबेसची अंतर्गत आवृत्ती ८५२ वरून ९०४ वर जाताना दिसली. लॉगिन नव्या सर्व्हरवर तयार करून डेटाबेसातल्या अनाथ युजरांशी (ज्यांचं लॉगिन या सर्व्हरवर नव्हतं असे) जोडली. रेप्लिकेशनचे उरलेले अवशेष, म्हणजे एमएस-रेप्लिकेशन-सबस्क्रिप्शन्ससारखी टेबलं आणि बदल लावणाऱ्या तयार प्रोसीजर, त्यासाठी असलेल्या सिस्टिम प्रोसीजरने काढून टाकल्या. डेटाबेस धड आहे का ते तपासणारं चेकडीबी चालवून घेतलं. सकाळी सहा पन्नासला नव्या सर्व्हरचा पहिला पूर्ण बॅकअप घेतला, कारण आपोआप बॅकअप घेणारे जॉब एमएसडीबी या वेगळ्या डेटाबेसात असतात आणि ते या प्रतीसोबत आलेले नव्हते. हा बॅकअप पुढे फार कामाला आला.

डॉक्टर म्हणाले, ‘झालं ना? आता जरा पाठ टेका.’ मीही झालं असंच समजलो होतो.

सकाळी सात ते पावणेदहा

सात वाजून पाच मिनिटांनी कोथरूडहून फोन. पेशंट नोंदवताना एरर २६२७, प्रायमरी की (ओळीची एकमेव ओळख) आधीपासून आहे. पुन्हा पुन्हा बटण दाबूनही तोच एरर. लगेच बिलाच्या टेबलावर तसंच.

सॉफ्टवेअरच्या तरुणाने कारण पटकन ओळखलं. आयडेंटिटी कॉलमचा, म्हणजे ज्यात डेटाबेस स्वतः पुढचा नंबर देतो त्या रकान्याचा, चालू आकडा मागे राहिला होता. डीबीसीसी चेकआयडेंट हा आदेश रीसीडसह त्या दोन टेबलांवर चालवला, आकडा टेबलातल्या सर्वांत मोठ्या नंबरावर आला आणि नोंदणी सुरू झाली. वीस मिनिटांत काम झालं. मी शेजारीच उभा होतो, आणि ‘छान’ म्हणालो.

साडेसातला घरी जाऊन नमुने घेणाऱ्यांचा स्क्रीन उघडेना. एरर २०८, टेबलच नाही. ते टेबल मार्चमध्ये नवं तयार झालं होतं. रेप्लिकेशनमध्ये कोणकोणती टेबलं जायची हे आधी ठरवून द्यावं लागतं. नंतर तयार केलेलं टेबल आपोआप त्यात जात नाही. ते कोणी जोडलं नव्हतं, म्हणून पिंपरीला ते कधी पोहोचलंच नाही. त्या मुलांना दिवसभर कागदावर काम करायला सांगितलं.

दोन एरर आले, दोन्ही त्याच जागी मिटवले. रांगा पुढे सरकत होत्या.

नऊ चाळीसला हडपसरच्या केंद्रातून तिथल्या तंत्रज्ञ ताईंचा फोन आला. त्या एक वही ठेवतात. दिवसाचा पहिला नंबर आणि शेवटचा नंबर. पेटी घेऊन जाणाऱ्या मुलाबरोबर नळ्यांचा हिशेब जुळावा, एवढ्यासाठीच. त्या म्हणाल्या, ‘सर, बुधवारी सकाळी सोळा लाख एकाहत्तर हजारांत सुरुवात होती. आज चौदा लाख ब्याण्णव हजार दाखवतंय. नंबर मागे कसे गेले?’

ते ऐकताच मला सगळं कळलं, आणि हातपाय गार पडले.

नेमकं काय झालं होतं

आयडेंटिटी कॉलमला नॉट फॉर रेप्लिकेशन असं सांगता येतं. रेप्लिकेशनचा एजंट जेव्हा सबस्क्रायबरवर ओळ घालतो तेव्हा पब्लिशरने दिलेला नंबरच वापरतो, आणि तिथला स्वतःचा मोजणीचा आकडा हलत नाही. हे योग्यच आहे, नाहीतर दोन्हीकडचे नंबर वेगळे झाले असते. पण त्याचा परिणाम असा की पिंपरीच्या प्रतीत नळ्यांच्या नोंदी सोळा लाख बाहत्तर हजारांपर्यंत आलेल्या होत्या, आणि ‘पुढचा नंबर कोणता’ हा आकडा नोव्हेंबरमध्ये, ती प्रत उभी केली त्या दिवशी जिथे होता तिथेच थांबला होता. जोवर ती नुसती प्रत होती तोवर हे कोणाला दिसायचं कारण नव्हतं. तिथे नवे नंबर कोणी देतच नव्हतं. तीच प्रत रिस्टोअर करून मुख्य डेटाबेस केल्यावर नंबर देणं सुरू झालं, नोव्हेंबरपासून.

पेशंट आणि बिल या टेबलांत तो नंबर प्रायमरी की होता, म्हणून एरर आला. नळीच्या टेबलात प्रायमरी की होती केंद्र, तारीख आणि त्या दिवसाचा अनुक्रमांक मिळून. बारकोडचा नंबर शेजारचा साधा आयडेंटिटी कॉलम, त्यावर एकमेवतेचं कसलंही बंधन नाही. म्हणून तिथे एरर आला नाही. डेटाबेसने आठ महिन्यांपूर्वीच्या माणसाचा नंबर आजच्या माणसाला बिनतक्रार दिला. अडीच तासांत २३८ नळ्यांना.

यंत्रांवर काय चाललं होतं तेही मग उलगडलं. एका नंबराला दोन नोंदी, आणि यंत्र व सॉफ्टवेअर यांच्या मधला प्रोग्राम पहिली सापडेल ती उचलायचा. ती जुनी असायची, तिच्या चाचण्या पूर्ण झालेल्या असायच्या, म्हणून यंत्राला उत्तर जायचं ‘काही बाकी नाही’. यंत्रावरच्या मुलांनी आठ वाजल्यापासून हे पाहिलं होतं. नवा सर्व्हर आहे, होत असेल, असं समजून ते चाचण्या हाताने घालत होते. ज्यांच्या जुन्या नोंदीत एखादी चाचणी उघडी राहून गेली होती, त्यांच्या नावावर आजचा निकाल जाऊन बसला. तोवर यंत्रावर चढलेल्या ४१ नळ्यांपैकी सात निकाल असे जुन्या माणसांकडे गेले होते. मर्यादेत असलेला साखरेचा निकाल आपोआप मंजूर होण्याची सोय असल्यामुळे त्यातले दोन अहवाल व्हॉट्सॲपवर बाहेरही पडले होते.

केलेली कारवाई

नऊ पन्नासला मी डॉक्टरांच्या खोलीत गेलो आणि सरळ सांगितलं. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, ‘आत्ता काय थांबवू?’ यंत्रांचा मधला प्रोग्राम, आपोआप मंजुरी आणि अहवाल पाठवणं, तिन्ही. पाच मिनिटांत तिन्ही बंद. केंद्रांना निरोप गेला, नमुने घेत राहा पण नळीवर छापील नंबर नको, नाव आणि वेळ मार्करने लिहा. डॉक्टरांनी गर्दीचा, बदनामीचा एक शब्दही काढला नाही. त्या दिवसातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच, आणि तो त्यांनी सर्वांत कमी वेळात घेतला.

मग २३८ नळ्यांचं काय करायचं यावर तीन मतं पडली. सगळ्यांना परत बोलावून पुन्हा रक्त घ्यायचं. पण उपाशीपोटी येऊन गेलेली, त्यात म्हातारी माणसं, लहान मुलं. नंबरापुढे एक अक्षर जोडायचं. पण यंत्रांची बारकोडची लांबी ठरलेली, ते जमणार नव्हतं. तिसरं, डेटाबेसात या नळ्यांना नवे नंबर देऊन नळ्यांवर नवं लेबल लावायचं. जुन्या लेबलावर नंबराबरोबर नाव, वय आणि केंद्राचं अक्षर छापलेलं असतं, म्हणून हे शक्य होतं. हेच ठरलं. अट एकच, प्रत्येक नळी दोघांनी मिळून बघायची. एकाने नळीवरचं नाव मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने स्क्रीनवर बघायचं, झाकणाचा रंग चाचणीशी जुळतो का तेही. हिमोग्रामला जांभळं, साखरेला करडं. जरा शंका आली तर नळी बाजूला.

नवे नंबर कुठून सुरू करायचे, हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नव्हता. सगळ्यांत मोठा नंबर शोधून त्याच्या पुढून, असं तरुणाने सुचवलं. मी नको म्हटलं. मुख्य सर्व्हर बंद पडला त्या क्षणी काही बदल डिस्ट्रिब्युशन डेटाबेसात पिंपरीला जायचे राहिलेले असणार, आणि डिस्ट्रिब्युटर त्याच मशीनवर होता. म्हणजे काही नंबर नळ्यांवर छापले गेले आहेत पण आपल्या प्रतीला माहीतच नाहीत. केंद्रांना फोन करून गुरुवारचं शेवटचं लेबल वाचून घेतलं. डेटाबेसातला सर्वांत मोठा नंबर होता १६,७२,२९७. औंधच्या केंद्रात शेवटचं लेबल होतं १६,७२,३१८. एकवीस नळ्यांचा फरक. चेकआयडेंट तसंच चालवलं असतं तर हे एकवीस नंबर पुन्हा दिले गेले असते. आम्ही सरळ १७,००,००० वर उडी मारली. आकडा मुद्दाम असा घेतला की लेबल हातात घेणाऱ्या कोणालाही बदलापूर्वीचं आणि नंतरचं एका नजरेत कळावं.

बाराला मी जे रात्री करायला हवं होतं ते केलं. घरची यूएसबी डिस्क मागवली आणि रविवारचा बॅकअप त्याच नव्या सर्व्हरवर वेगळ्या नावाने रिस्टोअर केला. मग दोन्ही डेटाबेस शेजारी ठेवून रचना पडताळली. टेबलं, इंडेक्स (शोध लवकर व्हावा म्हणूनची सूची), ट्रिगर (ओळ बदलली की आपोआप चालणारा कोड) चालू की बंद, आयडेंटिटी कॉलमचा शेवटचा आकडा. हे सगळं सिस्टिम व्ह्यूमध्ये तयार असतं. पस्तीस मिनिटं लागली. एक टेबल नाही, ते माहीत होतं. नोव्हेंबरनंतर जोडलेले तीन इंडेक्स नाहीत. पब्लिशरवर तयार केलेला इंडेक्स सबस्क्रायबरला आपोआप जात नाही. आयडेंटिटी कॉलम एकूण १४, सगळे मागे, आणि त्यातल्या फक्त दोनांनी एरर दिला होता. उरलेल्यांतला नळीचा एक ताईंच्या वहीने सापडला. बाकीचे अकरा कधी आणि कसे सापडले असते, मला सांगता येत नाही.

आणि एक ट्रिगर बंद. अहवालात कोणी दुरुस्ती केली, आधी काय होतं, नंतर काय झालं, याची नोंद ठेवणारा. पिंपरीला तो मुद्दाम बंद केला होता, कारण नोंदींचं टेबलही रेप्लिकेशनने येत होतं आणि ट्रिगर चालू असता तर प्रत्येक नोंद दोनदा पडून एजंट अडकला असता. तिथे ते बरोबर होतं. मुख्य डेटाबेसात तोच बंद ट्रिगर म्हणजे सकाळी सातपासून कोणत्याही दुरुस्तीची नोंद नाही. एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या लॅबसाठी ही साधी गोष्ट नव्हे; अहवाल बदलला तर तो कोणी, कधी, काय बदलला हे दाखवता आलं पाहिजे.

निष्पत्ती

अडीच वाजता शेवटची नळी पुन्हा लेबल होऊन यंत्रावर गेली. चार नळ्या शंकेच्या म्हणून बाजूला राहिल्या. त्या चौघांना पुन्हा बोलावलं, दोघांच्या घरी माणूस पाठवला. चुकीचे सात निकाल जुन्या नोंदींतून काढले. ज्या दोघांना भलत्याचे अहवाल गेले होते त्यांना डॉक्टरांनी स्वतः फोन केला. त्यातल्या एक आजी साखर नॉर्मल आली म्हणून सकाळपासून खूश होत्या. त्यांना ‘हा अहवाल तुमचा नाही’ हे सांगायला डॉक्टरांना पंधरा मिनिटं लागली. मी समोर बसलो होतो.

एकवीस हरवलेल्या नळ्यांची नोंद केंद्रांवरच्या बिलांच्या कागदांवरून पुन्हा केली. घरच्या नमुन्यांचं टेबल रविवारपर्यंतचं त्या बॅकअपमधून आलं, पुढचं मुलांच्या फोनमधल्या फोटोंवरून आणि चिठ्ठ्यांवरून. बंद ट्रिगरच्या काळातल्या दुरुस्त्या सहा पन्नासच्या बॅकअपशी तुलना करून काढल्या, १९ निघाल्या. कोणी केल्या ते सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या लॉगमध्ये होतं. मधल्या खंडाची लेखी नोंद डॉक्टरांनी सहीनिशी रजिस्टरला लावली.

सोमवारी कंट्रोलर आला आणि जुना सर्व्हर जिवंत झाला, डेटासकट. परत त्यावर जायचं का, असा प्रश्न निघाला. नाही ठरवलं. शुक्रवारपासून दोन वेगळे इतिहास तयार झाले होते, ते पुन्हा एकत्र करणं धोक्याचं. पण चालू करण्याआधी नेटवर्कची केबल काढून ठेवली. तो सर्व्हर नेटवर्कवर आला असता तर त्याचे रेप्लिकेशनचे एजंट जागे होऊन राहिलेले बदल पिंपरीला ढकलू लागले असते, आणि पिंपरी तोवर नव्या सर्व्हरशी जोडायला घेतली होती. केबल काढूनच त्यातला डेटा वाचून घेतला. बिलांवरून लिहिलेल्या एकवीस नोंदी ताडून पाहिल्या. एकवीसही जुळल्या.

काय वेगळं करता आलं असतं

गुरुवारी रात्री साडेअकराचा निर्णय मी आजही तोच घेईन, पिंपरीची प्रत घेऊन दुसऱ्या सर्व्हरवर. पण त्याच वेळी रविवारचा बॅकअप तुलनेसाठी शेजारी उभा करीन. पाचवा पर्याय मी ‘सगळं किंवा काहीच नाही’ असा मांडला, हे चुकलं. डेटा ओतायला रात्र पुरली नसती, पण रचना ताडून बघायला तासही लागला नसता, आणि डिस्क कोथरूडला डॉक्टरांच्या कपाटात होती. बॅकअपचं हेडर वाचलं तर सर्व्हरचं नाव, तारीख, आवृत्ती कळते. हा सबस्क्रायबरचा आहे आणि याच्यात अमुक नाही, हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. सिस्टिमच्या डेटाबेस यादीत ‘सबस्क्राइब्ड’ असा एक रकाना आहे, त्यावर विसंबता येत नाही, तो नेहमी शून्यच दाखवतो.

सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी, पहिला २६२७ आला तेव्हा, दुसरी संधी होती. एका आयडेंटिटी कॉलमचा आकडा मागे आहे म्हणजे सगळ्यांचे मागे असणार, कारण मूळ एकच. मी ते दोन टेबलांपुरतं मिटवू दिलं. रात्रभर जागलेला होतो, रांगा होत्या, हे खरं आहे. पण तेव्हा दहा मिनिटं थांबून चौदाही कॉलम बघितले असते तर एकही नळी चुकीच्या नंबराने गेली नसती. त्या तरुणाला मी दोष देत नाही, त्याने समोरचा एरर सोडवला. तो एरर का आला हे विचारणं माझं काम होतं.

आधीपासूनची दोन कामं राहिली होती, ती आता झाली. लॉग बॅकअप दुसऱ्या मशीनवर जातो, आणि डिस्ट्रिब्युटर मुख्य सर्व्हरवरून हलवला. बारकोडच्या नंबरावर एकमेवतेचं बंधन घातलं, त्यासाठी सॉफ्टवेअर कंपनीशी तीन आठवडे बोलावं लागलं. पिंपरीची प्रत मुख्य म्हणून वापरायची वेळ आली तर काय काय चालू करायचं, याची स्क्रिप्ट लिहिली. तिची पहिली ओळ सगळे आयडेंटिटी कॉलम आणि त्यांचे शेवटचे आकडे दाखवते. दर तीन महिन्यांनी एका रविवारी दुपारी ती जुन्या, दुरुस्त सर्व्हरवर चालवून बघतो. दुसऱ्या वेळी एक टेबल पुन्हा रेप्लिकेशनमध्ये जोडायचं राहिलेलं सापडलं.

हडपसरच्या ताईंची वही आता नऊही केंद्रांवर आहे. सकाळचं पहिलं लेबल छापलं की त्याचा नंबर मुख्य लॅबच्या ग्रुपवर टाकायचा, आणि कालच्या शेवटच्या नंबराशी तो जुळल्यावरच यंत्रं सुरू करायची.